पाच खिडक्यांची मालकीण

मागच्या महिन्यात नात चार दिवसांची रजा टाकून गावी आली होती. दुपारची जेवणं झाली, भांडी आवरली, तशी ही लॅपटॉप घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसली. म्हणाली, "आजी, तुला एक गंमत दाखवते. तुझ्या आवडीची आहे."

पडद्यावर ओळी खालून वर सरकत होत्या. एक वर जाऊन नाहीशी झाली की खाली दुसरी हजर. कुणी विचारत होतं, दुधावर साय जाड कशी येते. कुणाला घटस्फोटाचा अर्ज मराठीत हवा होता. कुणी विचारत होतं, मेलेल्या माणसाचा मोबाइल कसा उघडायचा. एकानं तर नुसतंच लिहिलं होतं, 'आता काय करू'.

"हे सगळे लोक आत्ता, या मिनिटाला इंटरनेटला विचारतायत," नात म्हणाली. "मराठीतलं तेवढं गाळून घेतलंय. आपण नुसतं बघत बसायचं. मी तर तासन् तास बघते."

"त्यांना ठाऊक आहे का?"

"काय?"

"आपण बघतोय ते."

"अगं, नाव कुठं दिसतंय त्यात? कोण, कुठला, काही कळत नाही."

मी चष्मा काढला आणि डोळे दुखतात म्हणाले. डोळ्यांना काही झालं नव्हतं. 'नाव कुठं दिसतंय' हे माझंच वाक्य होतं, बारा-तेरा वर्षांपूर्वीचं, आणि ते नातीच्या तोंडून जसंच्या तसं ऐकायची माझी तयारी नव्हती.

तेव्हा तलवाड्यात बाजाराच्या तोंडाशी आमचं दुकान होतं. आधी नुसतं झेरॉक्स. मग थोरल्या लेकानं पाच कॉम्प्युटर आणून मांडले, दारावर इंटरनेट कॅफेची पाटी ठोकली, दीड वर्ष चालवलं आणि पुण्याला नोकरी लागली तसा निघून गेला. आमचे मालक गेवराईला कारकून, सकाळची एस.टी. धरायचे ते दिवेलागणीला परत. राहिलं कोण? मी. दहावीला दोनदा बसलेली, आणि दोन्ही वेळा गणितानं घात केलेली.

जाता जाता थोरल्यानं काउंटरच्या कॉम्प्युटरवर एक सोय करून दिली. माझ्या पडद्यावर पाच चौकोन. ज्या मशीनवर जे चाललंय ते त्या चौकोनात जसंच्या तसं दिसायचं. टिचकी मारली की चौकोन मोठा व्हायचा. "पोरं नको ते बघतात आई, उद्या पोलीस आपल्याला धरतील. तू नुसतं लक्ष ठेव," म्हणाला. मांजरीला सांगावं की बाई, दुधावर जरा लक्ष ठेव, तसं झालं ते.

त्या चौकोनांना मी खिडक्या म्हणायचे. आज त्या पन्नाशीच्या बाईला डोळ्यांपुढं आणलं की हसूच येतं. फिरती खुर्ची, तिच्यावर लेकीनं विणलेली उशी, चष्म्याला मण्यांची दोरी. पाय जमिनीला टेकत नसत म्हणून खाली कागदाच्या रिमचा रिकामा खोका. पण बसायची कशी, तर तहसीलदारानं उठून नमस्कार करावा अशी. पाच खिडक्यांची मालकीण! कुणी विचारलं, "काय करता दिवसभर, काकू?" तर म्हणायची, "मेंटेनन्स बघते."

आणि काय काय दिसायचं त्या खिडक्यांतून! लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. ते वाचायची मला इतकी सवय लागली की एकदा किराण्याची यादीसुद्धा मी तशीच लिहून पाठवली आणि वाण्यानं शेंगदाण्याऐवजी साबुदाणा दिला. निवृत्तीला आलेले एक गुरुजी होते, त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं पोरं गप होत. ते 'केस काळे करण्याचा घरगुती उपाय' असं लिहून, मागंपुढं बघून, पुढं 'कोणाला न कळता' एवढं जोडायचे. एक तरणा गडी दर सोमवारी 'उंची वाढवणे, वय सव्वीस' विचारून जायचा. उंची तेवढीच राहायची, वय मात्र पुढं सत्तावीस झालं. एकानं आधी विचारलं, 'बायको माहेराहून येत नसेल तर कायदा काय', आणि दहा मिनिटं गप बसून मग विचारलं, 'माफीचं पत्र नमुना'. निवडणूक आली की दोन्ही पार्ट्यांची माणसं शेजारी शेजारी बसून, एकमेकांना पाठ करून, एकच गोष्ट शोधायची: सरपंच अपात्र कसा ठरतो.

हे सगळं पोटात ठेवायला पोट केवढं लागेल! माझं एवढंसं.

त्या काळात भारनियमन होतं. दुपारी तीनला लाइट जायची ती पाचला यायची. तेवढा वेळ मी दुकानाला कुलूप लावून मुकादमाच्या ओट्यावर जायचे. मुकादम म्हणजे ऊसतोडीला माणसं नेणारा. त्याची टोळी दर साल दिवाळीनंतर कारखान्याला जायची ती उन्हाळ्यात परत. त्याच्या बायकोनं, आम्ही तिला मुकादमीणबाई म्हणायचो, त्या वर्षी लाख वातींचा नेम धरला होता. तिला मदत म्हणून आम्ही पाच-सहा जणी सरकी काढलेला कापूस मांडीवर घेऊन वाती वळायचो. हातांना पुण्य लागायचं. तोंड रिकामं.

"आज काय आलं गं खिडकीत?" कुणीतरी विचारायचंच.

"नाव न्हाई सांगनार बरं का."

"नाव कोन मागतंय? तू नुसती नक्कल कर."

नाव घ्यायचं नाही, हा माझा कायदा होता. नाव घेतलं नाही म्हणजे चहाडी होत नाही, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं, आणि त्या कायद्याचा मला अभिमानही होता. राहिली नक्कल. तो माझा जन्माचा रोग. लहानपणी आत्याच्या चालण्याची नक्कल आत्याच्याच सासूपुढं केली म्हणून वडिलांनी मला दिवसभर गोठ्यात उभी केली होती. पण खोड काही गेली नाही. उलट हाताला खिडक्या लागल्या.

ती पहिल्यांदा आली ती भाद्रपदात, बाजारच्या दिवशी. चोवीस वर्षांची. बारावी झालेली, पण लग्न झालं तसे सहा हंगाम उसात काढलेली. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. दोन माणसांना मिळून एक नाव, तेही हत्याराचं. हिचा कोयता मुकादमाच्याच टोळीत होता. घरी एक पोरगी, एक पोरगं, सासू. डाव्या हाताची करंगळी अर्धीच, दुसऱ्या हंगामात मोळी धरताना गेलेली. म्हणून टाइप करताना ती तेवढं बोट दुमडून हात जरा वर उचलून धरायची. भिंतीकडच्या मशीनवर बसायची आणि पदर असा पुढं ओढून घ्यायची की शेजारच्याला पडदा दिसू नये. शेजारच्याला दिसतच नव्हता.

तिनं लिहिलं, 'अंगावरून पांढरं जाणे उपाय'. मग लिहिलं, 'पांढरं जातं म्हणजे कॅन्सर होतो का'. मग पदर आणखी पुढं ओढला. मग, 'पिशवी न काढता बरं होतं का'.

गर्भाशयाला आमच्याकडं पिशवीच म्हणतात. पाळीच्या दिवसांत बाईला काम झेपत नाही, खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापून जातात. म्हणून उसाला जाणाऱ्या कितीतरी बाया ती काढूनच टाकतात. कंबर दुखते म्हणून डॉक्टरकडं गेलं की डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, घरचे म्हणतात पोरं तर झालीत, आणि विषय संपतो. माझी पिशवी जागेवर होती. मला कधी कुणी खाडा लावला नव्हता.

पुढच्या बाजारी ती पुन्हा आली. 'पिशवी काढल्यावर मोळी उचलता येते का.' 'वय चोवीस पिशवी काढावी का.' 'दुसऱ्या डॉक्टरला कुठं दाखवावं.' मी चौकोन मोठा करून बसले होते. चहा निवला तरी लक्ष नाही, अशी रंगले होते मालिका बघावी तशी. आणि मग तिनं लिहिलं, 'मला काढायची नाही'. आणि एंटर दाबलं.

हा काही प्रश्न नव्हता. तरी ती पडद्याकडं बघत बसली. मीही बसले. कसल्या कसल्या जाहिराती आल्या.

माझी मावसबहीण तेव्हा बीडला सरकारी दवाखान्यात नर्स होती. एक फोन लावला असता तर तिनं चांगल्या बाईडॉक्टरला दाखवून दिलं असतं. हे मला तेव्हा सुचलं नाही, असं लिहायला किती बरं वाटलं असतं! सुचलं होतं. नंबरही पाठ होता. पण उठून तिच्यापाशी गेले असते तर तिनं पहिलं विचारलं असतं, "मावशी, तुमाला कसं कळलं?" आणि माझ्या खिडक्या गेल्या असत्या. म्हणून मी उठले नाही. तिनं काउंटरवर पैसे ठेवले, मी म्हणाले, "झालं का काम?" ती म्हणाली, "झालं." तेवढ्यात लाइट गेली आणि मी कुलूप लावून ओट्यावर गेले.

"आज एकीनं कॉम्प्युटरला इचारलं," मी सुरू केलं, "की पिशवी न काढता जमतंय का म्हनून."

"कॉम्प्युटरला कशाला इचारायचं? आमाला इचारायचं," एक म्हातारी म्हणाली. "माझी काढून ईस वर्सं झाली. निस्ती कंबर गेली, दुसरं काई न्हाई."

"तुजी कंबर गेली, तोंड ऱ्हायलं की!" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हशा माझ्या वाट्याला आला नव्हता, त्या दुसरीच्या वाट्याला गेला होता. ते मला कसं सोसावं? मी मांडीवरचा कापूस बाजूला ठेवला. पदर पुढं ओढला, मान खाली घातली, दोन बोटांनी ओट्याच्या फरशीवर टकटक केलं, आणि डोळे मोठे करून हळूच म्हणाले, "मला काढायची न्हाई, मला काढायची न्हाई." कॉम्प्युटर जसा काही तिचा नवरा! लई हसल्या सगळ्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुकादमीणबाई हसली नाही. माझ्या डाव्या हाताकडं बघत होती. तेव्हा मी बघितलं, माझी करंगळी दुमडलेली होती.

नाव मी घेतलं नव्हतं.

मी कापूस पुन्हा मांडीवर घेतला. वातींची जुडी बांधून ठेवली आणि पाचला दुकान उघडलं. त्या संध्याकाळी मला भीती वाटली का? वाटली. किती? जेवण घशाखाली गेलं, एवढीच.

दसऱ्याच्या पुढं-मागं तिची सासू दुकानात आली. हातात पिशवीच्या ऑपरेशनचे कागद. मुकादमाला दाखवायला झेरॉक्स पाहिजे होत्या. तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात आठ दिवसांपूर्वी उरकून घेतलं होतं.

"अशी कशी घाई केली?" मी विचारलं. विचारायलाही धाडस लागतं म्हणा, ते माझ्याजवळ होतं.

"काय करावं माय," सासू म्हणाली. "मुकादम दारात आलता. म्हनला, तुमची सून आजारी हाय, कॉम्प्युटरवर दुखनं हुडकीत फिरती. असली बाई टोळीत घेतली तर लई खाडे पडतेत. पिशवीचं उरकून घ्या न्हाईतर यंदा मी दुसरा कोयता बघतो. पोरगी लई रडली. दोन दिस जेवली न्हाई. मला म्हनली, आत्याबाई, मी खाडा पडू देत न्हाई, पर हे नका करू. मग नवरा वराडला, मग गेली गप." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर मला एक कळंना. मुकादमाला कुनी सांगितलं असंल वो?"

मी झेरॉक्सच्या मशीनवर वाकलेले होते. झाकणाखालून उजेड सरकत होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. वरच्या ओळीत तिचं नाव, पुढं वय चोवीस.

"लोकांना काय उद्योग असतेत बाई," मी म्हणाले.

हे वाक्य मी बोलले. कागदांचे पैसे मात्र घेतले नाहीत. केवढं ते औदार्य! सासूनं मला आशीर्वाद दिला.

दिवाळी झाल्यावर टोळी निघाली तेव्हा मी दुकानाच्या दारात उभी होते. ट्रकमध्ये भांडी, चुली, शेळ्या, पोरं, आणि एका कडेला ती. टाके पडून महिना-दीड महिना झाला असेल. खड्ड्यात ट्रक आदळला तसा तिनं एक हात पोटावर धरला. दुकानाकडं बघितलं नाही.

त्यानंतर मी खिडक्या बंद केल्या असतील असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही केल्या. पंधरा दिवस ओट्यावर गेले नाही, गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. मग गेले. लाख वाती पुऱ्या झाल्या तेव्हा मुकादमीणबाईनं मला खण-नारळ दिला, तो मी घेतला. नक्कल तेवढी कमी केली. कमी, बंद नाही.

उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या. एका बाजारी, सकाळी अकराचा सुमार, दुकानात फारसं कुणी नाही, आणि ती आली. वाळली होती. चालताना एक पाय जरा ओढायची. "बस गं," मी म्हणाले, "कशी हाईस?" तिनं मान हलवली आणि भिंतीकडच्या मशीनवर जाऊन बसली. या वेळी पदर पुढं ओढला नाही.

माझ्या चौकोनात ते पान उघडलं. रिकामी पट्टी आली. तिच्यात एकेक अक्षर उमटत गेलं:

'मावशी वाचताय ना'

एंटर दाबलं नाही. तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि समोर भिंतीकडं बघत बसली. माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. ओळीच्या पुढं ती उभी रेघ लुकलुकत होती.

मी पाच पावलांवर होते. 'व्हय, वाचतेय,' एवढंच बोलायचं होतं. किंवा उठून तिच्याशेजारचं स्टूल ओढायचं होतं. माझं तोंड, जे त्या ओट्यावर कधी थांबलं नाही, ते उघडेना. मी काय केलं? हात लांब केला आणि माझ्या पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. त्यात माझं तोंड दिसलं, मण्यांच्या दोरीसकट.

मग कीबोर्डची टकटक ऐकू आली. ती लिहीत होती. खूप वेळ लिहीत होती. मी कागदाच्या गठ्ठ्याचे कोपरे जुळवत बसले. आधीच जुळलेले होते.

शेवटी ती उठून काउंटरवर आली, पैसे ठेवले, काळ्या पडद्याकडं बघितलं.

"लाइट गेली का मावशी?"

डोक्यावर पंखा फिरत होता. ट्यूब चालू होती.

"व्हय," मी म्हणाले, "गेली."

"फकस्त तुमच्याकडचीच गेली," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

मी धावत तिच्या मशीनपाशी गेले. सगळं पुसून टाकलेलं होतं. पट्टी रिकामी. त्याच संध्याकाळी थोरल्याला फोन लावून ते पाच चौकोन काढायला लावले. "का गं? बिघडलं का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. पुढं लोकांच्या हातात मोबाइल आले आणि दुकानच बंद झालं.

नातीला यातलं काही सांगितलं नव्हतं. ती गेल्यावर इथवर लिहून काढलं, तीन दिवस उशाशी ठेवलं, आणि मग कागद घेऊन त्या भिंतीकडच्या मशीनवालीच्या वस्तीवर गेले. तिनं उसाला जाणं केव्हाच सोडलंय, कंबर धरत नाही. ती आता अडतिशीची असेल आणि मी पासष्टीच्या घरात. पण दारातल्या आरशात आम्ही दोघी दिसलो तेव्हा बहिणी वाटलो.

अंगणात बसून ती तूर पाखडत होती. मी म्हणाले, "हे वाच. तू न्हाई म्हनलीस तर चुलीत घालते."

तिनं हात पुसले आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. गुरुजींपाशी आली तेव्हा फिसकन हसली. "खरंच केस काळं करायचे व्हय गुरुजी?"

"खरंच."

"बया!" म्हणाली, आणि पुढं वाचत गेली. ओट्यापाशी आल्यावर बोट थांबलं. पुढचं सगळं तिनं बोट न धरता वाचलं. कागदांची घडी घालून माझ्या हातात दिली.

"छापू का?" मी विचारलं.

"छापा की. गावाला तर तवाच ठाव झालंय."

मी उठायला हवं होतं. पण एवढ्या वर्षांची टोचणी, आणि कबूलच करते, ती जुनी खोडसुद्धा, दोन्ही मिळून माझ्या तोंडातून निघालंच, "त्या दिवशी मी पडदा बंद केला, त्याच्यानंतर तू काय लिवलं होतंस गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. राग असता तर मला बरं झालं असतं.

"आता कशाला पायजे, मावशी?"

आणि सूप उचललं. "जरा हिकडं सरा. भुसा उडतोय तुमच्या डोळ्यांत."